धाकटीचा नातू

फादर टनी, तुमच्या दगडावरचं शेवाळ
आज मी चमच्याने खरवडलं.
आधी नुसतं मॅलाकी एवढंच वाचता यायचं.
आता खालचंही दिसतं: आफ्रिकेत बावीस वर्षं.
आफ्रिकेत म्हणजे कुठे, ते कोरणाऱ्याने लिहिलेलं नाही.
मी सांगतो.
ओमाम्बाला नदीच्या अलीकडे, तांबड्या मातीत,
आमच्या कोनफळांच्या कोठारासमोर उभं राहून
तुम्ही माझ्या आजोबांना म्हणालात,
एक ठेव.

आजोबांनी थोरली ठेवली,
धाकटी टाकली.
न्वाउगो तिचं नाव. तुमच्या वहीत नसेल,
वहीत फक्त बाप्तिस्मे असतात.

कुंपणापलीकडे तिची झोपडी.
रात्री थोरलीच तिला मीठ नेऊन द्यायची,
केळीच्या पानात, दिवा न घेता.
सवत होती हो ती!
आणि आजोबाही अधूनमधून
मीठ न घेता जात असावेत,
कारण माझे वडील जन्मले
आजोबांच्या बाप्तिस्म्यानंतर दोन वर्षांनी.

एकतीस वर्षं आजी शेवटच्या बाकावर बसली.
ख्रिस्तप्रसादाला रांग पुढे सरकायची,
ती बाकाचा कठडा धरून राहायची.
तुमचं म्हणणं तंतोतंत पाळलं गेलं असतं
तर हा झगा आज खुंटीला असता,
रिकामा.

आता मी इथे, तुमच्या किलव्हॅरनमध्ये.
मिस्सेला अकरा माणसं, दाराशी एक कुत्रा.
रस्त्यात एकाच खांबावर
वर 'हो', खाली 'नाही'.
शुक्रवारी मतदान.
बिशपसाहेबांचं पत्र आलंय, वर सूचना:
काहीही न गाळता वाचावे.
माझ्याकडे मत नाही.
व्हिसा आहे, मार्चपर्यंत.

दुकानात गिलहूली म्हणतो, तुमच्याकडे बरं, फादर,
लोक अजून ऐकतात.
मी मान डोलावतो.
आमच्याकडे गव्हर्नर पहिल्या बाकाशी गुडघे टेकतो,
निवडणुकीआधी चर्चला छपराचे पत्रे देतो,
आणि पत्र्यावर आतल्या बाजूने स्वतःचं नाव रंगवून घेतो,
म्हणजे प्रार्थनेत वर पाहिलं की तोच.

अ‍ॅट्रॅक्टा वेदीची वस्त्रं घरी धुते,
लॉन्ड्रीची गाडी फुकट न्यायला तयार असून.
का, असं एकदाच विचारलं.
म्हणाली, डिम्फना.
बहीण. सतरा वर्षांची, पोटुशी.
इथल्याच फादरने आपल्या गाडीत बसवून
सिस्टरांच्या धुलाईघरात पोचवली.
एक पत्र आलं तिचं, साबणाच्या वासाचं.
नंतर वासही नाही.
मग मी तिला न्वाउगो सांगितली.
तिने इस्त्री उभी करून ठेवली आणि ऐकलं.
"पत्र वाचा, फादर, तुमचं कामच आहे ते.
तेवढा वेळ मी बाहेर उभी राहीन."

वाचलं. एक शब्द गाळला नाही.
त्यातलं बरंचसं मला पटतं, हेही तुम्हाला सांगायला हवं.
आईने आठ वाढवले, दोन पुरले.
जीव हा शब्द माझ्या तोंडात उसना नाही.
पण पत्रात कुठेच कुंपण नव्हतं.
मीठही नव्हतं.

ती आत आली ते अर्पणाच्या वेळी, खांदे भिजलेले.
ख्रिस्तप्रसादाला सगळ्यांत शेवटी.
खळीने भेगाळलेला तळवा.
शुक्रवारी त्या हाताने काय केलं,
मी विचारलं नाही.

काल मृतांच्या यादीत दोन नावं वाढली आहेत,
तिच्या अक्षरात: डिम्फना,
आणि तिच्याखाली न्वाउगो, एक अक्षर चुकून.
जागा तेवढीच उरली होती,
तुमच्या नावाच्या बरोबर वर.
उद्या साडेआठला तिघांसाठी एकच मिस्सा.
थंडी आहे, कुणी येईलसं वाटत नाही.
तारखेवर थोडं शेवाळ अजून राहिलंय.
चमचा मला परत करायचाय,
तो तिच्या स्वयंपाकघरातला आहे.